देशावरच्या माणसाने आरमार कसे निवडावे

(नवशिक्यांसाठी आठ पायऱ्या, शंका-समाधान आणि स्वाध्यायासह. खुटबाव व पंचक्रोशीतील वाचकांस विशेष उपयुक्त.)

पात्रता

पुण्याहून दौंडकडे निघालेल्या डेमूने यवत सोडले आणि केडगाव अजून आले नसले, की मधल्या स्टेशनावरची पाटी खुटबावची. इथून समुद्र दिसत नाही. पाणी म्हणजे जवळची मुळा-मुठा, पुढची भीमा आणि सुटले तर सुटले असे कालव्याचे आवर्तन. भोवती ऊस. अशा ठिकाणच्या माणसाला वाटते, आरमाराशी आपला काय संबंध?

हा न्यूनगंड आधी सोडावा. मराठ्यांच्या समुद्राबद्दलचे सर्वांत महागडे निर्णय ज्यांनी घेतले, ते घाटाच्या वर बसूनच घेतले. शेवटचा मोठा निर्णय तर पुण्यात झाला, म्हणजे डेमूच्या दुसऱ्या टोकाला. तेव्हा समुद्राची सवय नसणे ही या कामात अपात्रता मुळीच नाही. ती परंपरा आहे.

लागणारे साहित्य

सागवान. सुतार. खलाशी. तोफा. एक तरी किल्ला, तोही पाण्यात असल्यास उत्तम. दरसाल न चुकता येणारा पैसा. सुतार शक्यतो आपले असावेत. १६५९च्या सुमारास शिवाजी महाराजांच्या जहाजबांधणीवर कल्याणकडे रुय लैतांव व्हिएगस नावाचा पोर्तुगीज देखरेखीला होता. ही जहाजे उद्या आपल्याच अंगावर येणार हे वसईच्या पोर्तुगीजांच्या ध्यानात आले, त्यांनी त्याचे कान भरले, आणि तो आपली माणसे घेऊन निघून गेला. काम मात्र थांबले नाही. यातून नवशिक्याने घ्यायचा बोध: परका कारागीर कामाला लावावा, पण काम त्याच्यावाचून अडेल इतका वेळ लावू नये.

पायरी १: आधी घोडा आठवावा

हा मुलूख जुन्या भीमथडीचा. भीमथडीचे तट्टू उंचीला बेताचे, दिसायला साधे. पण मिळेल त्या कडब्यावर भागवायचे आणि दगडधोंड्यांतून दिवसभर चालायचे. अरबी घोडा रुबाबदार खरा, पण त्याला चंदी हवी, मोतद्दार हवा आणि दौडायला सपाट मैदान हवे. आपल्या पूर्वजांनी घोडा निवडताना दोनच प्रश्न विचारले: लढायचे कुठे, आणि वैरण कोण घालणार? जहाज निवडतानाही हेच दोन प्रश्न पुरतात. ज्यांना ते सुचत नाहीत ते तिसराच प्रश्न विचारतात, ‘शेजाऱ्याकडे केवढे आहे?’ आणि तिथेच बुडतात.

पायरी २: आपले पाणी बघावे

कोकणचा किनारा सरळ नाही. जागोजाग खाड्या, खाडीच्या तोंडाशी वाळूचे दांडे, मध्येच पाण्याखाली खडक. रात्री उशिरा आणि सकाळी जमिनीवरून मतलई वारा सुटतो, दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो, आणि दोन्हींच्या मध्ये वारा पडतो. जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या बंद.

आता विचार करावा. ज्या जहाजाला खोल पाणी लागते ते खाडीत शिरणार नाही. जे केवळ शिडावर चालते ते वारा पडला की जागच्या जागी उभे राहणार. अशा पाण्यात उथळ बुडाचे, वल्ह्यांनीही चालणारे तारू राजा असते. हे कळायला नौदलाच्या अकादमीत जायला नको. एक दिवस मालवणच्या जेटीवर बसून मासेमारांशी बोलले तरी पुरते.

पायरी ३: माल ओळखून घ्यावा

*गलबत.* हलके, निमुळते, दोन डोलकाठ्यांचे. चाळीस-पन्नास वल्ही. तोफा लहान, पण चपळाई भरपूर. वारा नसला तरी हलते, ही याची खरी किंमत.

*गुराब.* थोराड, रुंद, तरीही बुड उथळ. दोन किंवा तीन डोलकाठ्या. नाळ लांब पुढे आलेली आणि तिच्या मागे पुढच्या दिशेने रोखलेल्या दोन जड तोफा. वारा पडला की गलबते गुराबेला दोराने ओढून नेत.

*दर्यावर्दी युद्धनौका,* म्हणजे इंग्रज, डच, पोर्तुगीज यांची. पोट खोल, शिडांचा डोंगर, दोन्ही कुशींना तोफांच्या रांगा. महिनोन्महिने समुद्रावर राहते. तिच्या कुशीसमोर जो उभा राहील त्याच्या चिंध्या होतात.

तेव्हा कुशीसमोर उभे राहू नये. मराठ्यांची लढण्याची रीत एवढ्याच शहाणपणावर उभी होती. शत्रूच्या जहाजामागे जावे, कारण मागच्या बाजूला तोफा थोड्या. गुराबेच्या नाळेतून त्याची शिडे आणि दोरखंड फोडावेत. ते पांगळे झाले की गलबतांतून माणसे भरभर वर चढवावीत. वारा बदलून डाव उलटला, तर सरळ खाडीत शिरावे. मोठे जहाज खाडीच्या तोंडाशी येऊन थांबते आणि तिथून पुढे फक्त बघते.

पायरी ४: प्रात्यक्षिक

स्थळ: खांदेरी, थळच्या किनाऱ्यासमोरचे बेट. काळ: १६७९. मुंबईच्या इंग्रजांच्या डोळ्यांदेखत महाराजांच्या मायनाक भंडाऱ्याने तिथे माणसे उतरवली आणि तट बांधायला घेतला. इंग्रजांनी जहाजे पाठवली. बेट लहान, समोर मोठ्या तोफा. कागदावर हे दोन दिवसांचे काम होते.

पण लहान होड्या रात्री थळ-नागावच्या बाजूने निघत, उथळ पाण्यातून दगड, चुना, दाणागोटा बेटावर टाकत आणि उजाडायच्या आत परत. ऑक्टोबरात मोठी झुंज झाली. इंग्रजांचे ‘रिव्हेंज’ जहाज जोरात लढले आणि त्याने मराठ्यांच्या तांड्याला मागे लोटले. पण त्याच दिवशी ‘डव्ह’ नावाचे जहाज मराठ्यांच्या हाती लागले. इंग्रजांच्या बाजूने जंजिऱ्याचा सिद्दी मदतीला आला, त्याने पुढे शेजारची उंदेरी बळकावली. इतके सगळे होऊनही खांदेरीचा तट चढतच राहिला आणि १६८०च्या सुरुवातीला इंग्रजांनी तह करून तिथून पाय काढला.

नवशिक्याने एक गोष्ट नीट टिपावी. समोरासमोरच्या लढाईत मोठे जहाज वरचढच ठरले होते. पण काम लढाई जिंकण्याचे नव्हते, भिंत बांधण्याचे होते. जहाज कामाला जुंपायचे असते. कुस्तीच्या फडात उतरवायचे नसते.

पायरी ५: नियमावली वाचावी

या विषयावरचे मराठीतले उत्तम मार्गदर्शन तीनशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेले आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यात सरळच दिलेले आहे: गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहान नकोत, मध्यम बांधाव्यात, वाऱ्याशिवाय जे निरुपयोगी, असले अवजड धूड बांधण्याचे कारण नाही. पाच गुराबा आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा करावा.

पुढे खरी मेख आहे. आरमाराच्या खर्चाला मुलखाचा वसूल नेमून द्यावा, बंदराच्या उत्पन्नावर त्याला सोडू नये, असे अमात्य सांगतात. कारण उघड आहे: आरमाराचे पोट बंदरावर टाकले की ते व्यापाऱ्यांना लुबाडायला लागते, आणि व्यापारी गेला की बंदरही जाते. पावसाळ्यात जहाजे किल्ल्याच्या आश्रयाने लावावीत आणि दरसाल तेच बंदर धरू नये, म्हणजे एकाच गावाला त्याचा जाच होत नाही. लाकडासाठी रयतेच्या आंब्या-फणसांवर कुऱ्हाड घालू नये. ती झाडे लावणाऱ्याने लेकरासारखी वाढवलेली असतात. झाड अगदी जीर्ण असेल तरच, आणि मालक राजी असेल तर पैसे मोजून न्यावे.

म्हणजे अमात्यांच्या लेखी आरमाराची सुरुवात तोफेपासून होत नाही. ती वसुलीच्या वहीपासून होते. वैरण कोण घालणार, या पहिल्या पायरीवरच्या प्रश्नाचे हे उत्तर आहे, आणि खुटबावच्या वाचकाला ते ऐकून बरे वाटायला हरकत नाही: समुद्रावरचे गलबत शेवटी जमिनीवरच्या शेतसाऱ्यावर चालते.

पायरी ६: काय मिळणार नाही, तेही लिहून ठेवावे

विक्रेता ही पायरी गाळतो. आपण गाळू नये.

किनाऱ्याचे आरमार किनाऱ्याने लांब जाऊ शकते. फेब्रुवारी १६६५मध्ये महाराज स्वतः मालवणहून ८५ लहान तारवे आणि ३ मोठी जहाजे घेऊन कर्नाटकातल्या बसरूरवर गेले, आणि भरपूर लूट घेऊन येताना गोकर्णालाही थांबले. पण हा सारा प्रवास किनारा धरूनच होता. लाल समुद्राकडे व्यापाराला जाणाऱ्या मराठी जहाजांना पोर्तुगीजांच्या परवान्याचा, कार्ताझचा, विचार करावाच लागे. पुढे कान्होजी आंग्र्यांनी हा खेळ उलटवला आणि कोकणापुढून जाणाऱ्या जहाजांनी आपले दस्तक घ्यावे असा दंडक घातला. १७२१मध्ये त्यांच्या कुलाबा किल्ल्यावर इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून चालून आले, इंग्लंडच्या राजाच्या युद्धनौकांसह. कुलाबा पडला नाही. मात्र कान्होजींचा दंडक चालला तो कोकणच्या पट्ट्यात. आफ्रिकेला वळसा घालून येणारी वाट ज्यांची होती त्यांचीच राहिली. लढाई हरून ते परत गेले, तरी पुढच्या हंगामात नवी जहाजे येत. आपल्याला मात्र त्यांच्या बंदरावर जाता येत नव्हते.

आणि हे लाकडाच्या किंवा हाताच्या उणिवेमुळे घडले, अशी समजूत करून घेऊ नये. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानातून ‘मिंडेन’ ही ७४ तोफांची युद्धनौका बांधली आणि १८१०मध्ये ती पाण्यात सोडली. हाच किनारा, हेच लाकूड, इथलेच कारागीर. वैरण घालणारा तेवढा लंडनचा होता.

पायरी ७: पुढील खरेदी टाळावी

*अभेद्य पण निरुपयोगी.* १७२०मध्ये मुंबईच्या इंग्रजांनी विजयदुर्गावर न्यायला ‘फ्राम’ नावाचा तरंगता तोफखाना बांधला. तळ सपाट, भिंती गोळ्यालाही न फुटणाऱ्या. मात्र तोफांची तोंडे इतकी खाली, की गोळे तटाऐवजी पाण्यात पडू लागले. मोहीम फसली. शत्रूचा गोळा आत येत नाही हे तपासताना आपला बाहेर जातो की नाही, हेही बघावे.

*शोभेची.* १८७०च्या सुमारास मुंबई बंदराच्या रक्षणासाठी इंग्लंडहून ‘मॅग्दाला’ आणि ‘ॲबिसिनिया’ अशी दोन चिलखती जहाजे आणली. दोन-दोन बुरूज, बुरुजात जाडजूड तोफा, आणि काम फक्त बंदर राखण्याचे. दुसरे जहाज काटकसरीत बसवायचे म्हणून मुद्दाम स्वस्तात काढलेले. ती बंदरात उभी राहिली, अधूनमधून सरावाला गोळे उडवले, आणि विसावे शतक उजाडल्यावर भंगारात गेली. शत्रू आलाच नाही. पैसे वाया गेले, की शत्रू न आल्यामुळेच सार्थकी लागले, यावर आजही दोन्ही बाजूंनी तितक्याच आत्मविश्वासाने बोलता येते. खात्याच्या अंदाजपत्रकाला याहून सोयीचे जहाज नाही.

*भलत्या पाण्यात नेलेली.* रशियाने बाल्टिकच्या किनाऱ्यासाठी ‘ॲडमिरल उशाकोव्ह’ आणि तिच्या दोन बहिणी बांधल्या. जपानशी युद्ध अंगावर आल्यावर याच किनारी नौका अर्ध्या जगाला वळसा घालून त्सुशिमापर्यंत नेल्या. मे १९०५मध्ये ‘उशाकोव्ह’ बुडाली, उरलेल्या दोघी शरण गेल्या. तट्टू शर्यतीत हरले म्हणून त्याला दोष देऊ नये; ज्याने नाव नोंदवले त्याला द्यावा.

पायरी ८: घेतलेले नीट ठेवावे

निवड बरोबर झाली तरी आरमार बुडू शकते. ते कसे, याचा नमुना विजयदुर्गला आहे.

तुळाजी आंग्रे हा कोकणच्या पाण्यातला शेवटचा जबरा माणूस. इंग्रज, डच, पोर्तुगीज, सगळ्यांना त्याचा जाच. पण तो पेशव्यालाही जुमानत नव्हता, आणि हा गुन्हा पुण्याच्या लेखी मोठा ठरला. नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरले. एप्रिल १७५५मध्ये सुवर्णदुर्ग गेला. फेब्रुवारी १७५६मध्ये इंग्रज ॲडमिरल वॉटसनची मोठी लढाऊ जहाजे, सोबत क्लाइव्हचे सैन्य, विजयदुर्गासमोर उभी राहिली. जमिनीवरून पेशव्यांची फौज होतीच. तुळाजीचे आरमार किल्ल्याच्या आश्रयाला एकत्र बांधून ठेवलेले होते. एक पेटता गोळा ‘रिस्टोरेशन’वर पडला. हे जहाज मूळचे इंग्रजांचेच, तुळाजीने पूर्वी पकडलेले. तिथून आग शेजारच्याला, त्याच्यापासून पुढच्याला; सगळा तांडा जळाला. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत पडला तो कायमचा. लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली. किल्ला पेशव्यांना लगेच मिळालाही नाही. त्याच वर्षी तह करून, बाणकोट इंग्रजांना देऊन, तो सोडवावा लागला.

ठेवणीचे नियम म्हणून दोन. एक: सगळी जहाजे एकाच दोराने बांधू नयेत. दोन: घरातल्या भांडणाला बाहेरच्या आरमाराचे पंच बोलवू नयेत.

पुढे पेशव्यांनी त्याच विजयदुर्गात आनंदराव धुळपांच्या हाताखाली आरमार चालवले, आणि १७८३मध्ये धुळपांनी इंग्रजांचे ‘रेंजर’ पकडूनही दाखवले. म्हणजे लहान तारवांत दम अजून होता. तोवर शेजारी मात्र पूर्वीचा राहिला नव्हता.

शंका-समाधान

*आबा विचारतात: “मग मोठं जहाज घ्यायचंच नाही का, मास्तर?”*

घ्यायचे की, आबा. आपले पाणी वाढले असेल तर घ्यायचे. १९७१चे भारत-पाक युद्ध बघा. डिसेंबरच्या ४ तारखेच्या रात्री कराचीवर गेल्या त्या ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या रशियन बनावटीच्या लहान क्षेपणास्त्र नौका. मूळ काम बंदर राखण्याचे, मजल कमी. म्हणून मोठ्या जहाजांनी त्यांना दोराने ओढत न्यायचा सराव आधीच करून ठेवला होता, वारा पडल्यावर गलबताने गुराब ओढावी त्याच्या अगदी उलट. बरोबर ‘किल्तान’ आणि ‘कच्छल’ ही मोठी जहाजे होती. ‘खैबर’ ही पाकिस्तानी विनाशिका बुडाली. त्याच युद्धात बंगालच्या उपसागरात पूर्व पाकिस्तानची बंदरे कोंडायला ‘विक्रांत’ हे विमानवाहू जहाज लागले. ते काम लहान नौकांचे नव्हते.

*“म्हणजे दोन्ही पाहिजेत.”*

दोन्ही पाहिजेत, आणि तरीही झोप लागणार नाही. त्याच युद्धात ९ डिसेंबरला दीवजवळ आपली ‘खुकरी’ बुडाली ती एका पाणबुडीमुळे. जहाज लहान की मोठे, हे पाणबुडी विचारत नाही.

*तालुक्यातला एक तरुण विचारतो: “सर, आपल्या भीमेतही बोटी होत्या की.”*

वाळूच्या. त्या महसूल खात्याच्या पथकांनी स्फोटके लावून उडवल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. बेकायदा होत्या, त्यामुळे तक्रार नाही. पण नोंद घ्यावी, की या मुलखात आरमार बुडवायचा अनुभव आरमार बांधायच्या अनुभवापेक्षा नेहमीच जास्त राहिलेला आहे.

स्वाध्याय

१. रिकाम्या जागा भरा: गलबत चालते वल्ह्यांवर, आरमार चालते ________वर.

२. कारणे द्या: खांदेरीला इंग्रजांची जहाजे मोठी असूनही भिंत उभी राहिली.

३. फरक स्पष्ट करा: मुंबई बंदरातली ‘मॅग्दाला’ आणि दिवाळीत अंगणात बांधलेला किल्ला.

४. तुमच्या ग्रामपंचायतीला एका वर्षासाठी पाच गुराबा आणि पंधरा गलबतांचा सुभा मिळाला आहे. खर्च कोणत्या निधीतून टाकाल? (‘पाणीपुरवठा’ हे उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही.)

५. योग्य पर्याय निवडा. १७५६मध्ये विजयदुर्गाचे आरमार कोणामुळे जळाले?
(अ) वॉटसनच्या तोफांमुळे
(ब) जहाजे एकत्र बांधल्यामुळे
(क) तुळाजीच्या हट्टामुळे
(ड) पुण्याच्या सहीमुळे

सूचना: चारही पर्यायांवर खूण करणाऱ्यास पूर्ण गुण. केवळ (अ)वर खूण करणाऱ्याने पहिल्या पायरीपासून पुन्हा वाचावे. केवळ (ड)वर खूण करणाऱ्यास एक गुण जादा द्यावा, पण त्याला आरमाराच्या अंदाजपत्रकापासून दूर ठेवावे. तोही देशावरचाच आहे.